आलेखाची डावी कड

अभियंत्याने आलेखाची डावी कड माउसने पकडली आणि हळूच उजवीकडे ओढली. डोंगराचा पायथा गेला, मग चढ गेला, आणि पडद्यावर उरलं ते एक पठार. पठाराला जेमतेम उतार होता आणि टोकाला पोचताच रेघ कड्यावरून पाय घसरल्यासारखी सरळ खाली आली होती. आता पाहणाऱ्याला एवढंच दिसलं असतं, की वस्तीचा वापर आधीपासूनच तेवढा होता, वीज जपून वापरण्याचा संदेश गेला आणि लोकांनी तो पुरेसा मनावर घेतला नाही.

"कुठून सुरू करतोयस?"

मागे त्याची सहकारी वेधशाळा उभी होती. संध्याकाळी वस्तीला किती वीज लागेल याचा अंदाज बांधणं हे तिचं काम. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येत, तरीही नाव वेधशाळाच पडलं होतं.

"संदेश गेला तिथून," अभियंता म्हणाला.

"हं." ती पडद्याकडे बघत राहिली. "बरं दिसतंय. सुटसुटीत."

"चौकशी समितीचा गोंधळ व्हायला नको."

"नकोच. बिचारे आधीच दमलेले असतात."

तेवढ्यात चहाचे तीन कप तोलत बॅटरीवाला आला. जुन्या बस आगारात कपाटांसारख्या ओळीने उभ्या केलेल्या बॅटऱ्यांची देखभाल तो करी. त्याने आलेख पाहिला, कप ठेवले आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणाला, "आधीचा भाग तसा फार तांत्रिकच आहे."

यावर तिघांचंही एकमत झालं. या नियंत्रण कक्षात एरवी खिडकी उघडायची की नाही यावरही एकमत होत नसे.

योजनेचं नाव 'आपली वीज' असं होतं. वीज गेली की लोक तिला 'तुमची वीज' म्हणत. वस्तीतल्या प्रत्येक गच्चीवर सोलर पॅनेल, आगारात बॅटऱ्या, घरोघरी बोलके मीटर, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारी एक संगणकप्रणाली. बाहेरून येणारी मुख्य लाइन कोलमडली तरी वस्ती आपल्या पायावर उभी राहील, अशी ही रचना होती आणि ती खरोखर चांगली होती. तिची एकच नाजूक वेळ होती, उन्हाळ्याची संध्याकाळ, जेव्हा बाहेरची लाइनही हमखास मान टाकते. नेमका सूर्य घरी जायला निघतो तेव्हाच माणसं घरी येतात आणि एसी लावतात. अशा वेळी बॅटऱ्यांवर ताण येणार असं दिसलं, की सगळ्यांच्या फोनवर एक संदेश जाई: पुढचे काही तास शक्य ती उपकरणं बंद ठेवा. ज्या घराचा वापर संदेशानंतर ठळक उतरेल, त्याला दुसऱ्या दिवशी फोनवर हिरवं पान मिळे; जेवढा जास्त उतरेल तेवढी जास्त पानं. उतरणार नाही, त्याला वाळकं.

पानांची कल्पना अभियंत्याची होती. तिच्याबद्दल त्याला एका परिषदेत शाल मिळता मिळता राहिली होती.

प्रणाली ज्यांनी लिहिली त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. वीज जाण्याची शक्यता आहे असं कळलं, की माणूस ती जपून वापरतो. ही माणसं बहुधा अशा ठिकाणी वाढली असावीत जिथे वीज कधी गेलीच नाही. वस्तीतली एक अख्खी पिढी वीज जाण्याच्या वेळापत्रकावर लहानाची मोठी झाली होती. वीज जाणार म्हटलं की ती पिढी आधी पंप लावते, मग इन्व्हर्टर, मग धुण्याचं यंत्र, मग इस्त्री, आणि एवढं करूनही वीज शिल्लक राहिलीच, तर मिक्सरमध्ये काहीतरी वाटून घेते. अभियंत्याची आई या शास्त्राची जाणकार होती. "आहे तोवर वापरून घ्यावी," ती म्हणे. "गेल्यावर कोण आणून देणारे?"

म्हणूनच संदेश अगदी आयत्या वेळी पाठवायचा, असं ठरलं होतं. तो कधी जाणार हे नियंत्रण कक्षाबाहेर कोणालाही कळता कामा नये. हा नियमही अभियंत्यानेच लिहिला होता, आणि 'कोणालाही' या शब्दाखाली रेघ मारली होती.

ज्या संध्याकाळचा हा आलेख होता, त्या संध्याकाळी वेधशाळेने पडद्यावरून मान वर केली आणि म्हणाली, "आज ओढाताण होणार. संदेश पाठवावा लागेल."

तिघांनी आपापले फोन चाचपले. मग अभियंता उठला. "जरा पाणी पिऊन येतो."

पाण्याचं यंत्र कक्षातच होतं. तो बाहेर गेला. मधल्या बोळात बॅटरीवाला भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि फोनवर हात आडवा धरून सांगत होता, "हो, दोन्ही. आणि गीझरसुद्धा." अभियंता त्याच्या पाठीमागून जिन्याकडे गेला. जिन्याच्या वरच्या वळणावरून वेधशाळेचा आवाज येत होता, "सासूबाईंना सांग, आत्ताच्या आत्ता." तेव्हा तो जिना उतरून खालच्या वळणावर थांबला आणि त्याने घरी फोन लावला.

"आई, टाकी भरून घे. आणि इन्व्हर्टर लाव. कुणाला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू?" आई म्हणाली, तीच मुळी समोरच्यांचं दार वाजवत.

तिघं कक्षात परत आले तेव्हा कोणी कोणाकडे पाहिलं नाही. संदेश पाठवायला थोडा उशीर झाला, कारण घरच्यांना थोडा वेळ द्यायला हवा असं प्रत्येकाला वाटत होतं आणि प्रत्येकाकडे त्यासाठी वेगळं तांत्रिक कारण होतं. वस्ती पालिकेच्या कर्मचाऱ्यांचीच होती आणि योजनाही पालिकेचीच. सुरुवात आपल्यापासून करू, असं योजनेच्या संचालकांनी उद्घाटनाच्या भाषणात म्हटलं होतं, आणि झालंही तसंच. तीन घरांतून सहा घरांत, सहांतून इमारतीत, इमारतीतून अख्ख्या वस्तीत पंप सुरू झाले. संदेश गेला तोवर बॅटऱ्या निम्म्याच्याही खाली आल्या होत्या. काही वेळातच प्रणालीने हात वर केले आणि वस्ती अंधारात गेली. उकाड्याने तेवढ्यात तीन माणसं दवाखान्यात पोचली. त्यांतले एक अभियंत्याच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे काका होते.

समितीच्या अध्यक्षा निवृत्त प्राचार्या होत्या आणि समोरच्या माणसाची नखं कापलेली आहेत का हे आधी बघत. त्यांनी पडद्यावरचं पठार चष्म्याच्या वरून आणि मग चष्म्यातून पाहिलं.

"म्हणजे सूचना दिली होती."

"हो, मॅडम."

"आणि वर्गाने ऐकली नाही."

"अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही," अभियंता म्हणाला. हे वाक्य अहवालातही होतं. लिहिताना त्याला ते फार सौम्य वाटलं होतं. मोठ्याने म्हटल्यावर ते कोणाच्या तरी कानाखाली वाजल्यासारखं वाटलं.

"कुणी ऐकली नाही? नावं आहेत?"

"घराघराची नोंद आहे, मॅडम," संचालक पुढे सरसावले. "ज्यांनी सहकार्य केलं त्यांना हिरवी पानं गेली आहेत, नाही केलं त्यांना वाळकी. आणि राखीव जोडण्याही आता आम्ही हिरव्या पानांवरच देणार आहोत."

राखीव जोडणी म्हणजे घरातला एकच प्लग, वेगळ्या बॅटरीवर चालणारा. सगळ्या वस्तीची वीज गेली तरी तो चालू राहणार. आजारी माणसाच्या खोलीसाठी ती सोय होती. यंदा जोडण्या थोड्याच होत्या आणि अर्ज पुष्कळ. तळमजल्यावरच्या काकांच्या बायकोचा, मावशींचा, अर्ज अभियंत्याने स्वतः भरून दिला होता.

"आजारपणावर द्यायच्या होत्या ना?" त्याने विचारलं.

"आजारी तर सगळेच असतात," संचालक म्हणाले. "शिस्त लावायची हीच वेळ आहे."

"योग्य," अध्यक्षा म्हणाल्या. मग पुन्हा पडद्याकडे वळल्या. "मात्र हा आलेख असा मध्येच कसा सुरू होतो? रेघ काही हवेतून येत नाही. डावीकडे काहीतरी असणार."

वेधशाळेने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. बॅटरीवाल्याला खोकला आला. अभियंत्याच्या हातात बिस्कीट होतं, ते त्याने चहात बुडवलं आणि बुडवूनच ठेवलं.

"ते फार तांत्रिक आहे, मॅडम," संचालक म्हणाले. त्यांच्या घरातही त्या संध्याकाळी दोन गीझर तापले होते.

"असो. अंतिम प्रत उद्या सकाळी माझ्याकडे येऊ दे. पूर्ण." आणि त्यांनी अभियंत्याकडे पाहून हसून मान हलवली. "काम नीटनेटकं आहे हो तुमचं."

बिस्किटाचा अर्धा भाग कपात राहिला होता. तो काढायला अभियंत्याने चमचा घेतला, आणि सगळे उठून जाईपर्यंत तो ढवळत बसला.

घरी पोचला तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं. फाटकातून आत येताना त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते लक्षात आलं नाही. वर आई दारातच उभी होती, फोन पुढे धरून.

"तीन पानं! बघ. तुझ्या बाबांना उभ्या जन्मात कोणी एक दिलं नाही. संचालकांच्या बायकोलासुद्धा दोनच आहेत, मी विचारलं."

पडद्यावर तीन हिरवी पानं डोलत होती. खाली लिहिलं होतं, 'आपण आदर्श ग्राहक आहात.' हेही वाक्य त्याचंच होतं.

"आई, त्या दिवशी तू काय काय लावलं होतंस?"

"तू सांगितलंस तेवढंच. टाकी, इन्व्हर्टर." तिने आठवलं. "मग म्हटलं धुणंही होऊन जाऊ दे. मग इस्त्री. इस्त्री तापलीच होती तर पडदे पण केले. निरोप आला तसं मात्र सगळं फटाफट बंद केलं हो. एक बटण चालू ठेवलं नाही."

"ठेवायला काय उरलं होतं?"

"म्हणजे?"

"काही नाही. आणि सांगितलंस कुणाकुणाला?"

"कुणालाही नाही. फक्त समोर. आता त्यांनी सांगितलं असेल तर तो त्यांचा स्वभाव." आई आत वळली आणि पुन्हा थांबली. "खालच्या बाईला वाळकं पान आलंय, कळलं का? निरोप आल्यावर शिलाईची मशीन चालवत बसली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि हिला कॉलरी सुचताहेत. राखीव जोडणी गेलीच आता तिची. समोरच्या म्हणत होत्या, आपला नंबर लागणार."

आई आणि खालच्या मावशी यांचं बोलणं बंद होतं. आईच्या ओल्या चादरीचं पाणी एकदा मावशींच्या कापून ठेवलेल्या कापडावर ठिबकलं होतं, आणि चादर मुळात ठिबकत होती की नाही, यावर दोघींचं अजून ठरायचं होतं. त्यामुळे त्या संध्याकाळी सगळ्या इमारतीत ज्या एका दारावर आईने थाप मारली नाही, ते मावशींचं होतं.

अभियंत्याच्या आता लक्षात आलं, की फाटकातून येताना काय चुकलं होतं. खालून मशीनचा आवाज येत नव्हता.

तो बुटाची नाडी सोडता सोडता थांबला, ती पुन्हा बांधली, आणि लॅपटॉपची पिशवी तशीच खांद्यावर ठेवून वळला. तेवढ्यात आईचा फोन वाजला. "वेधशाळेच्या सासूबाई," आई म्हणाली आणि फोन कानाला लावून गॅलरीत गेली. एरवी आईचं फोनवरचं बोलणं फाटकापर्यंत ऐकू येई. आज ती कुजबुजत होती. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

मावशींच्या पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन होती आणि तिच्यावर कापड घातलं होतं, झोपलेल्या माणसावर घालावं तसं. मावशी त्याच खिडकीच्या उजेडात शाळेच्या शर्टाला हाताने टाके घालत होत्या. पलीकडे पलंगावर काका पंख्याखाली पडले होते. बस चालवण्यात जन्म गेलेला माणूस, आता उजवी बाजू गेल्यापासून एकाच जागी उभा. दवाखान्यातून येऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते.

"ये साहेब," काका म्हणाले. त्यांचे शब्द थोडे घसरत. "वीज आणलीस?"

"आहे की चालू, काका."

"म्हणजे निघून जायच्या आधी भेटायला आलास."

"तुम्ही गप्प बसा हो," मावशी म्हणाल्या. "बस रे. ती खुर्ची नको, तिचा पाय गेलाय. ह्या स्टुलावर बस."

तो बसला. "मशीन बंद आहे?"

"संध्याकाळची नाहीच लावत आता. सकाळी होईल तेवढं करते. बाकी हाताने." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "वेळ लागतो, पण निदान कुणाला त्रास नाही."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. ते कुठून सुरू करायचं, ते कळत नव्हतं. शेवटी मावशींनीच सुई कापडात खोचली आणि शर्ट बाजूला ठेवला.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"त्या दिवशी माझ्यामुळे गेली का रे वीज?"

अभियंत्याने पिशवीचा पट्टा खांद्यावरून काढला आणि पुन्हा घातला.

"कॉलर अर्धी झाली होती," मावशी म्हणाल्या. "निरोप आला. तू शिकवलंस तसं सगळं बंद केलं, ह्यांचा पंखा सगळ्यात आधी. दिवा, फ्रीज. म्हटलं एवढी एक कड मारून घेते, मग मशीन. नाहीतर कापड सरकतं. कड मारून होते न होते तोच सगळं गेलं. अंधारात ह्यांचा घाम पुसायला गेले, तर हाक मारली तरी ओ देईनात." त्या थांबल्या. "मी तर कुणाला बोलले पण नाही. मग ते पान आलं. त्याला बरोबर कळलं."

"मावशी, एका शिलाईच्या मशीनने वस्तीची वीज जात नाही."

"असं प्रत्येकालाच वाटत असणार. म्हणूनच जाते ना?"

"मी सांगतोय तिला," काका पलंगावरून म्हणाले. "अगं, एका बाईने हॉर्न दिला म्हणून पूल पडत नाही. ऐकत नाही."

"तुम्ही बेशुद्ध होता, तुम्हाला काय ठाऊक?" त्या अभियंत्याकडे वळल्या. "तू मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला होतास, ही योजना मावशींसारख्यांवर उभी आहे. मला ते आठवतं आणि कुठे तोंड लपवू असं होतं."

अभियंत्याने पिशवीतून लॅपटॉप काढला. ठेवायला जागा नव्हती. मशीनवरच्या कापडावर त्याने तो ठेवला आणि उघडला. पठार आलं. मावशींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"ही आपल्या वस्तीची वीज," तो म्हणाला. "इथे संदेश गेला. इथे गेली. तुमची मशीन ह्याच्यात शोधायची म्हटलं, तर मला भिंग आणावं लागेल."

"मग बाकीच्यांनीही बंद केलं नाही?"

"काहींनी केलं. तुमच्याइतकंच केलं. आमच्या घरी तर..." त्याने वाक्य तिथेच सोडलं, माउस शोधला, तो पिशवीतच राहिला होता, म्हणून बोटानेच डावी कड पकडली आणि डावीकडे ओढली. चढ आला. मग पायथा आला. पंख्याचं एक पातं प्रत्येक फेरीला टिक करत होतं.

मावशींनी मान तिरकी करून पाहिलं, शर्टाची शिवण पाहतात तशी.

"ही आत दुमडली होतीस होय?"

"हो."

"आणि हा एवढा डोंगर कसला?"

"संदेशाच्या आधीचा. ह्याच्यात बॅटऱ्या संपल्या."

"आधीचा?" त्यांनी बोट रेघेवरून मागेपुढे फिरवलं, पडद्याला न लावता. "निरोप तर इथे आला म्हणतोस. मग ह्या लोकांना आधीच कसं कळलं?"

अभियंत्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"आमचा आहे तो," तो म्हणाला.

"ऑफिसचा?"

तेव्हा वरून आवाज आला. आधी नुसता गच्चीच्या पाइपात गुरगुर झाली, मग मागच्या पत्र्यावर पाणी पडायला लागलं. आधी धार, मग धो धो. टाकी भरून वाहत होती. समोरच्या इमारतीतूनही तसाच आवाज आला, आणि त्याच्यामागून धुण्याच्या यंत्राची घरघर, एका खिडकीतून, मग दुसऱ्या.

मावशींनी वर छताकडे पाहिलं. मग पडद्यावरच्या डोंगराकडे. मग अभियंत्याकडे. आणि मग लगेच नजर काढून घेतली, चुकून दुसऱ्याच्या घराचं दार उघडल्यावर माणूस काढून घेतो तशी.

"टाकी वाहतेय तुमची," त्या म्हणाल्या. "आईंना सांग."

त्याने फोन लावला. आईचा फोन व्यस्त होता. त्याने पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हाही व्यस्तच होता.

मशीनच्या खणात काहीतरी वाजलं. मावशींनी खण उघडून आपला फोन बाहेर काढला आणि लांब धरून वाचला. 'पुढचे काही तास शक्य ती उपकरणं बंद ठेवा.' त्यांनी फोन बाजूला ठेवला, उठल्या, पलंगाला वळसा घालून भिंतीपाशी गेल्या आणि पंख्याचं बटण खाली केलं.

"मावशी, पंखा राहू द्या."

"नको बाबा."

"मी सांगतोय ना. राहू द्या."

"तू आत्ता सांगतोस. उद्या पान येईल तेव्हा तू कुठे असशील?" त्या ते रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. "आधीच नंबर मागे गेलाय." त्यांनी दिवाही मालवला आणि आत फ्रीज बंद करायला गेल्या.

पंखा दोन-चार फेऱ्या आपल्याच नादात फिरला, मग टिक टिक करत थांबला. काकांच्या कपाळावर घामाचे थेंब जमायला लागले. ते छताकडे बघत पडून होते. अभियंत्याने इकडेतिकडे पाहिलं. कॉलर कापायचा एक पुठ्ठा भिंतीला टेकवलेला होता. तो घेऊन तो पलंगाशी आला आणि वारा घालू लागला.

"असा नाही," काका डोळे मिटून म्हणाले. "जरा डावीकडून. उजवीकडचा कळत नाही मला."

तो डावीकडे सरकला. वर पाणी पडतच होतं. आत फ्रीजचं दार लागल्याचा आवाज आला, पण मावशी लगेच बाहेर आल्या नाहीत. मशीनवर लॅपटॉपचा पडदा, हात लावायला कोणी नाही असं बघून, वीज वाचवण्यासाठी आपोआप मंद झाला. डोंगर दिसेनासा होऊ लागला.

अभियंत्याने उजव्या हाताने पुठ्ठा हलवत ठेवला आणि डावा हात लांब करून एक कळ दाबली. उजेड परत आला. थोड्या वेळाने तो पुन्हा मंदावला. त्याने पुन्हा दाबली.